तबकडीमागच्या माणसाचा शोध

२३ डिसेंबर १९३८. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलची सारी तिकिटे खपली होती. गर्दी एवढी लोटली, की शेकडो श्रोत्यांना थेट रंगमंचावरच खुर्च्या मांडून बसवावे लागले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताचा चर्चमधील प्रार्थनागीतांपासून नाचघरातील स्विंगपर्यंतचा प्रवास एका मंचावर उलगडून दाखवणारा तो कार्यक्रम होता. मिसिसिपीचा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन त्यात गाणार, असा संयोजकाचा बेत होता. परंतु त्याची चौकशी करण्यासाठी दक्षिणेकडे निरोप गेला, तेव्हा तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावल्याचे कळले. त्याच्या जागी दुसरा गायक बोलावण्यात आला. पण तेवढ्याने संयोजकाचे समाधान झाले नाही. त्याने रंगमंचावरून जॉन्सनच्या दोन तबकड्या वाजवल्या. अभिजात संगीताच्या त्या प्रतिष्ठित वास्तूत एका मृत, अनामिक कलावंताचा आवाज घुमला, तो फोनोग्राफच्या सुईतून.

हा संयोजक म्हणजे जॉन हॅमंड. तो वादक म्हणून गाजला नाही, गायक तर नव्हताच. त्याची ओळख एकच. तो ऐकणारा होता. विसाव्या शतकातील अमेरिकी संगीताच्या इतिहासातून या एका श्रोत्याला वजा केले, तर बिली हॉलिडे, काउंट बेसी, बॉब डिलन अशा कितीतरी नावांच्या कथा निराळ्या लिहाव्या लागतील.

हॅमंडचा जन्म १५ डिसेंबर १९१० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आई व्हँडरबिल्ट घराण्यातली. म्हणजे रेल्वेच्या उद्योगातून अमेरिकेतील अफाट संपत्ती उभी करणाऱ्या कुटुंबाची कन्या. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा मॅनहटनच्या ९१व्या रस्त्यावरील प्रासादतुल्य घरात वाढला. घराला स्वतःचे नृत्यदालन होते, नोकरचाकरांचा मोठा राबता होता. वरच्या मजल्यांवर अभिजात युरोपीय संगीताची आराधना चाले. मुलाच्या हाती व्हायोलिन आणि पुढे व्हायोला आले. परंतु त्याचे कान लागलेले असत ते नोकरांच्या खोल्यांकडे. तिथे एक ग्रॅफोनोला होता आणि त्यावर वाजणाऱ्या तबकड्या वरच्या दिवाणखान्यात कधीच ऐकू येत नसत.

या तबकड्यांचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय हॅमंडचे वेड समजणार नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंच व्यासाची, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे संगीत सामावणारी ही काळी चकती होती. आपल्याकडे बालगंधर्वांची पदे ज्या तबकड्यांतून घरोघरी पोहोचली, त्याच जातीची. हातातून निसटली की तिचे तुकडे होत. १९२० मध्ये ओके कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूजची तबकडी काढली आणि तिचा खप पाहून साऱ्याच कंपन्यांचे डोळे विस्फारले. त्यातून ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची स्वतंत्र मालिका जन्माला आली. कृष्णवर्णीयांनी गायलेल्या, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत विकायच्या, वेगळ्या क्रमांकांच्या आणि वेगळ्या सूचीतल्या या तबकड्या होत्या. समाजातील विभागणी दुकानाच्या फळीवरही जशीच्या तशी उतरली होती.

हॅमंडच्या घरापासून हार्लेमचा मुख्य रस्ता तीन किलोमीटरही नव्हता. शाळकरी वयातच तो तिथल्या दुकानांत जाऊन या तबकड्या धुंडाळू लागला. श्रीमंताघरच्या गोऱ्या मुलाने तिथे जाऊन काळ्यांच्या तबकड्या मागाव्यात, हे त्या काळी विपरीतच होते. पण संग्रह वाढत गेला आणि त्याबरोबर एक जाणीवही. आपल्या घरच्या मेजवान्यांना येणाऱ्या प्रतिष्ठितांना ज्या संगीताचा पत्ताही नाही, ते आपल्या देशाचे सर्वांत जिवंत संगीत आहे, असे त्याला वाटू लागले. ही जाणीव त्याला स्वस्थ बसू देईना. येल विद्यापीठातील शिक्षण त्याने १९३१ मध्ये अर्धवट सोडले. वडिलोपार्जित ठेवीतून येणाऱ्या उत्पन्नामुळे पोटाची चिंता नव्हती. त्याच वर्षी त्याने स्वतःच्या पैशाने गार्लंड विल्सन या पियानोवादकाचे ध्वनिमुद्रण करवून घेतले आणि इंग्लंडमधील ‘मेलडी मेकर’ या संगीतविषयक नियतकालिकासाठी लिहिण्यास सुरुवात केली.

काळ मोठा बिकट होता. १९२७ मध्ये अमेरिकेत वर्षाला दहा कोटींच्या घरात खपणाऱ्या तबकड्यांची विक्री महामंदी आणि रेडिओ यांच्या दुहेरी तडाख्याने १९३२ मध्ये सुमारे साठ लाखांवर घसरली होती. कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या. ब्लूजचा मोठा साठा असलेल्या पॅरामाउंट कंपनीची कथा तर चटका लावणारी आहे. विस्कॉन्सिनमधील खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याने फोनोग्राफच्या पेट्या विकता विकता उभारलेली ही कंपनी १९३२च्या सुमारास बंद पडली आणि तिचे धातूचे मूळ साचे भंगारात गेले. साचा गेला की नवी तबकडी निघत नाही. उरते ती फक्त कुणाच्या तरी घरात, फडताळात, पोटमाळ्यावर राहिलेली जुनी प्रत. संग्राहक ज्या झिजलेल्या तबकडीसाठी जीव टाकतो, ती अनेकदा त्या गाण्याची अखेरची खूण असते.

याच पॅरामाउंटच्या एका तबकडीने हॅमंडला मोठ्या शोधाला लावले. मीड लक्स लुईस या पियानोवादकाने १९२७ मध्ये ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ ही रचना ध्वनिमुद्रित केली होती. डाव्या हाताने आगगाडीच्या चाकांचा अखंड ठेका आणि उजव्या हाताने तिच्या शिट्ट्या, असे हे विलक्षण वादन. हॅमंडच्या कानी ते पडले आणि या माणसाला शोधून काढायचेच, असा त्याने निश्चय केला. तबकडीवर फक्त नाव होते. पत्ता कोण देणार? भेटेल त्या वादकाकडे तो चौकशी करीत राहिला. काही वर्षे अशीच गेली. अखेर १९३५ मध्ये शिकागोत अल्बर्ट ॲमन्स या दुसऱ्या पियानोवादकाकडून धागा मिळाला. लुईस त्याच शहरात मोटारी धुण्याचे काम करीत होता. हॅमंडने त्याच्याकडून तीच रचना पुन्हा ध्वनिमुद्रित करवून घेतली. कार्नेगी हॉलच्या त्या रात्री ॲमन्स, पीट जॉन्सन आणि लुईस हे तिघे पियानोवर बसले, आणि पुढे काही वर्षे साऱ्या अमेरिकेला ‘बूगी-वूगी’ने झपाटून टाकले.

हॅमंडचे वेगळेपण इथे दिसते. बहुतेक संग्राहकांचा शोध तबकडी हाती आली की संपतो. हॅमंडचा शोध तिथून सुरू होई. हे वाजवणारा आज कुठे आहे, तो काय खातो, त्याला काम आहे का, हे प्रश्न त्याला पडत. दक्षिणेतील अलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवण्यात आला. स्कॉट्सबरोच्या त्या गाजलेल्या खटल्याचे वार्तांकन करण्यासाठी तो स्वतः गेला, ते याच ओढीने. संगीत आणि न्याय या गोष्टी त्याच्या लेखी वेगळ्या नव्हत्या.

१९३३ मध्ये इंग्लंडच्या कोलंबिया कंपनीने त्याच्यावर अमेरिकेतील जाझ ध्वनिमुद्रित करून धाडण्याची कामगिरी सोपवली. अमेरिकेचे संगीत अमेरिकेत विकले जात नव्हते. ते साहेबाच्या देशातील रसिकांसाठी मुद्रित होत होते! त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ झाली. २४ तारखेला बेसी स्मिथ गायली. १९२०च्या दशकात ‘ब्लूजची सम्राज्ञी’ म्हणून तळपलेली ही गायिका मंदीच्या वर्षांत मागे पडली होती. त्या दिवशी तिने चार गाणी गायली. प्रत्येक गाण्याचे साडेसदतीस डॉलर मिळाले, विक्रीतील वाटा शून्य. ते तिचे अखेरचे ध्वनिमुद्रण ठरले. तीनच दिवसांनी, २७ तारखेला, अठरा वर्षांची बिली हॉलिडे आयुष्यात प्रथमच ध्वनिमुद्रणाच्या मायक्रोफोनसमोर उभी राहिली. हार्लेममधील एका छोट्या क्लबात तिचे गाणे ऐकून हॅमंडनेच तिला बेनी गुडमनच्या वादकांसमवेत उभे केले होते. एका युगाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय, यांच्यामध्ये अवघे तीन दिवस होते.

१९३६च्या सुरुवातीला शिकागोत मोटारीतील रेडिओची कळ फिरवता फिरवता, पट्टीच्या अगदी टोकाला त्याला कॅन्सस सिटीचे एक क्षीण केंद्र लागले. त्यावर काउंट बेसीचा वाद्यवृंद वाजत होता. हॅमंड पुढे कॅन्सस सिटीला गेला, लेखांतून त्याने या वाद्यवृंदाचे गुणगान केले. ते वाचून डेका कंपनीचा माणूस त्याच्या आधीच तिथे पोहोचला. बेसीने ज्या करारावर सही केली, त्यात चोवीस गाण्यांसाठी साडेसातशे डॉलर होते आणि रॉयल्टीचा उल्लेखही नव्हता. वादक संघटनेच्या किमान दराहूनही तो कमी होता. हॅमंडने संघटनेकडे दाद मागून रक्कम वाढवून घेतली. रॉयल्टी मात्र मिळाली नाही. आज संग्राहक ज्या डेकाच्या तबकड्या अभिमानाने दाखवतात, त्यांच्यामागे हा हिशेब आहे.

गुडमनच्या बाबतीत हॅमंडने आणखी एक भिंत ओलांडायला लावली. गोऱ्या आणि काळ्या वादकांनी श्रोत्यांसमोर एकत्र वाजवणे हे तेव्हा जवळपास निषिद्ध होते. हॅमंडच्या आग्रहाने पियानोवादक टेडी विल्सन गुडमनच्या त्रयीत आला, १९३९ मध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चन आला. गुडमन पुढे, १९४२ मध्ये, हॅमंडची बहीण ॲलिस हिच्याशी विवाहबद्ध झाला.

हॅमंडच्या कानांना मर्यादा नव्हत्या, असे मात्र नाही. १९३५ मध्ये ड्यूक एलिंग्टनने आईच्या मृत्यूच्या शोकातून ‘रेमिनिसिंग इन टेंपो’ ही दीर्घ रचना बांधली. तीन मिनिटांची चौकट मोडून ती तबकडीच्या चार बाजूंवर पसरली होती. हॅमंडने तिच्यावर झोड उठवली. एलिंग्टन आपल्या समाजाच्या दुःखांकडे डोळेझाक करतो, असा ठपकाही ठेवला. कृष्णवर्णीयांचे संगीत कसे असावे, हे एका गोऱ्या धनिकपुत्राने एलिंग्टनला सांगावे, यातील विसंगती त्याला जाणवली नाही. संग्राहकाची आवड अनेकदा जुन्या, रांगड्या ध्वनीशी बांधली जाते. कलावंताला मात्र पुढे जायचे असते. हॅमंडचे आणि अनेक कलावंतांचे खटके इथेच उडाले.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीत मोटार अपघातानंतर बेसी स्मिथचा मृत्यू झाला. हॅमंडने ‘डाउन बीट’ या नियतकालिकात लेख लिहून, गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दाखल करून घेण्यास नकार दिल्याने ती रक्तस्रावाने मेली काय, असा प्रश्न उपस्थित केला. लेखाचा आधार वादकांकडून ऐकलेली वदंता एवढाच होता. प्रत्यक्षात तिला थेट क्लार्क्सडेलच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या रुग्णालयात नेले होते. पण ऐकीव कथा सत्यापेक्षा अधिक टिकली. एडवर्ड ऑल्बीने तिच्यावर नाटक लिहिले. १९७२ मध्ये ख्रिस ॲल्बर्टसन याने बेसीचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा खरी हकीकत पुढे आली. लेख ऐकीव माहितीवर बेतला होता, हे हॅमंडनेही मान्य केले. सुईखालचा आवाज अचूक पारखणारा माणूस माणसांच्या तोंडून आलेल्या गोष्टीच्या बाबतीत असा फसला. वंशभेदाविषयीचा त्याचा संताप खरा होता. त्या संतापानेच त्याला पडताळणी करू दिली नाही.

दरम्यान दुसरे महायुद्ध आले आणि जुन्या तबकड्यांवर नवे संकट कोसळले. या संकटाचे मूळ थेट आपल्या देशाशी निगडित होते. ७८ गतीची तबकडी बनते ती दगडाची भुकटी, काजळी आणि लाख यांच्या मिश्रणातून. ही लाख प्रामुख्याने भारतातून, छोटा नागपूरच्या जंगलांतील पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळे. हार्लेमच्या दुकानातील ब्लूज असा बिहारच्या आदिवासींच्या श्रमांवर उभा होता. युद्धामुळे जहाजवाहतूक अडली, लष्करालाही लाख हवी होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लागणारी लाख पूर्वीच्या तीस टक्क्यांवर आणली. मग जुन्या तबकड्या गोळा करून, दळून त्यांच्यापासून नव्या बनवण्याची मोहीम सुरू झाली. देशभक्तीच्या भरात लोकांनी घरातील जुन्या तबकड्यांच्या चवडी आणून दिल्या. त्यात काय काय नाहीसे झाले, याची गणती कधीच होणार नाही.

जे वाचले, ते थोड्या वेड्या माणसांमुळे. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर मिल्ट गॅबलरचे कमोडोर हे तबकड्यांचे दुकान होते. हॅमंडसारख्या रसिकांचा तो अड्डाच. बाजारातून गेलेल्या तबकड्या गॅबलरने १९३०च्या दशकात पुन्हा छापून घेण्यास सुरुवात केली आणि लेबलवर प्रत्येक वादकाचे नाव घातले. तोवर वाद्यवृंदाच्या नावाखाली बाकीचे सारे निनावी राहत. फ्रान्समध्ये चार्ल्स दलोने याने १९३६ मध्ये जाझ तबकड्यांची तपशीलवार सूची प्रसिद्ध केली. कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कोणी काय वाजवले, याची नोंद ठेवणारे एक शास्त्रच त्यातून उभे राहिले.

१९४८ मध्ये कोलंबियाने व्हिनाइलची, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी लाँग प्लेइंग तबकडी बाजारात आणली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत, खरखर कमी, फुटण्याची भीती कमी. जुन्या लाखेच्या तबकड्यांवरचे संगीत या नव्या तबकड्यांवर उतरवणे आता शक्य झाले. सैन्यातील नोकरी आणि इतर कंपन्यांतील कामे करून हॅमंड १९५०च्या दशकाअखेर कोलंबियात परतला, तेव्हा कंपनीच्या कोठारात पडून असलेला जुना खजिना त्याला खुणावत होता. १९६१ मध्ये रॉबर्ट जॉन्सनची सोळा गाणी एका एलपीवर आली. गायकाला जाऊन तेवीस वर्षे लोटली होती. याच वर्षी हॅमंडने वीस वर्षांच्या बॉब डिलनला करारबद्ध केले आणि बाजारात येण्यापूर्वीच ही तबकडी त्याच्या हाती ठेवली. तिचा आपल्यावर किती खोल परिणाम झाला, हे डिलनने पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. इंग्लंडमध्ये एरिक क्लॅप्टन आणि रोलिंग स्टोन्सचे तरुण याच तबकडीवर पोसले गेले.

१९७० मध्ये बेसी स्मिथच्या सर्व उपलब्ध १६० ध्वनिमुद्रणांचे व्हिनाइलवर पुनःप्रकाशन सुरू झाले. हॅमंड आणि ॲल्बर्टसन यांनी एकत्र केलेले हे काम दुहेरी एलपींच्या पाच संचांत पूर्ण झाले. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली. एवढ्या मोठ्या गायिकेची फिलाडेल्फियाजवळची कबर तेहतीस वर्षे नावाच्या दगडाविना पडून होती. गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसण्याचे काम केलेल्या वानिटा ग्रीन या दोघींनी पैसे घालून तिथे दगड बसवला.

ब्रूस स्प्रिंगस्टीनपर्यंत नव्या आवाजांचा शोध घेत राहिलेला हॅमंड १९७५ मध्ये कोलंबियातून निवृत्त झाला. १९७७ मध्ये त्याचे आत्मचरित्र आले. १० जुलै १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. तीन वर्षांनी रॉबर्ट जॉन्सनची सारी ध्वनिमुद्रणे एका संचात आली आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. कार्नेगी हॉलमध्ये वाजलेल्या दोन तबकड्यांचा हा विस्तार पाहायला हॅमंड नव्हता.

पुढे कॅसेट, सीडी आणि इंटरनेट यांनी तबकडीला निरोप दिला असे वाटत असतानाच व्हिनाइलला पुन्हा भाव आला. लाखेच्या दुर्मीळ तबकड्यांना हजारो डॉलर मोजणारे संग्राहक आहेत. त्या पैशातला एकही डॉलर मोटारी धुणाऱ्या लुईसपर्यंत किंवा साडेसदतीस डॉलरांवर गाणाऱ्या बेसीपर्यंत पोहोचणारा नाही. हॅमंडने हे ऋण फेडले, असे म्हणता येणार नाही. त्याने स्वतः करवलेल्या ध्वनिमुद्रणांतही कलावंतांना फार काही मिळाले नव्हते. पण तबकडी ऐकून झाल्यावर तो उठला, गावोगाव फिरला आणि वादकाच्या दारावर जाऊन त्याने थाप मारली. कधी दार उघडले, कधी फार उशीर झालेला होता. जुन्या तबकडीवर सुई टेकवणाऱ्या प्रत्येक रसिकासमोर लेबलवरचे ते बारीक अक्षरांतले नाव आजही असते. त्या नावाचा माणूस कोण होता, हे विचारण्याची सवय हॅमंडने लावून दिली.